उंदीर, फ्लेकेनाइड आणि एक घाईचा निष्कर्ष

हृदयाच्या लयबिघाडावरील औषधांविषयी एक मजकूर सध्या खूप फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडतं, माणसाचं सत्तर, प्राण्यांवर चाललेल्या फ्लेकेनाइड या लयबिघाडावरच्या औषधाने ‘कॅस्ट’ या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत माणसं दगावली, आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी आणि संगणकी प्रारूपं हाताशी आहेत, तेव्हा प्राण्यांवरचे प्रयोग निरर्थक. यातली तथ्यं बरीचशी खरी आहेत, म्हणून तर मजकूर पटतो. निष्कर्ष मात्र चुकला आहे.

उंदराचा फरक ठोक्यांपेक्षाही खोल आहे. माणसात ठोक्यानंतर पेशीला विद्युतदृष्ट्या पूर्वपदावर आणण्यात ‘हर्ग’ या पोटॅशियम चॅनेलचा (पोटॅशियमला पेशीबाहेर जाऊ देणाऱ्या सूक्ष्म वाटेचा) मोठा वाटा असतो; प्रौढ उंदरात तो नगण्य. हा चॅनेल अडवणारं औषध उंदराला दिलं तरी ईसीजीवर फारसं काही उमटत नाही. संशोधकांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच या प्रश्नासाठी ससा, गिनीपिग किंवा कुत्रा निवडतात. भूल दिलेल्या सशाला मेथॉक्सामाइन या रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाच्या जोडीने असं औषध शिरेतून दिलं, की ईसीजीवरचं क्यूटीचं अंतर (ठोक्यानंतर पूर्वपदावर येईपर्यंतचा वेळ) लांबत जातं, मधेच एखादा अवेळी ठोका पडतो आणि मग लहानमोठ्या लाटा मधल्या रेषेभोवती पीळ घालत धावू लागतात. माणसाचा जीव घेणारा ‘टॉर्साद’ हा लयबिघाड ईसीजीवर असाच दिसतो.

आता कॅस्ट. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ७५५ रुग्णांना फ्लेकेनाइड किंवा त्याच जातीचं एन्केनाइड दिलं, ७४३ जणांना औषधविरहित गोळी. सरासरी दहा महिन्यांत मृत्यू झाले अनुक्रमे ६३ आणि २६. हे आकडे भयंकरच आहेत. पण मजकुरात एक गोष्ट गाळली आहे: औषधाने ज्यांचे अवेळी ठोके खरोखर कमी झाले, अशाच रुग्णांना या तुलनेत घेतलं होतं. म्हणजे औषध माणसांच्या ईसीजीवर ‘पास’ झालेलं होतं! ठोके दबले की जीव वाचेल, हे गृहीतक माणसांविषयीचं होतं, आणि तेच कोसळलं. उलट, झटका आलेल्या कुत्र्यांत रक्तपुरवठा पुन्हा तुटला तेव्हा फ्लेकेनाइडने प्राणघातक लयबिघाडापासून संरक्षण दिलं नाही, हे १९८७ सालीच प्रसिद्ध झालं होतं.

याच फ्लेकेनाइडची पुढची गोष्ट तर मजकुरात नाहीच. व्यायामात किंवा भावनावेगात लय बिघडवणाऱ्या सीपीव्हीटी या आनुवंशिक आजाराचे उंदीर तयार करण्यात आले. त्यांच्या पेशींत कॅल्शियम अवेळी गळतं आणि त्यामुळे अवेळी ठोके पडतात. फ्लेकेनाइडने ते आवरलं. २००९ साली उंदरांबरोबरच दोन रुग्णांतही फायदा झाल्याचं प्रसिद्ध झालं, आणि २०१७ साली एका छोट्या यादृच्छिक (कुणाला कधी औषध द्यायचं हे चिठ्ठीसारखं ठरवणाऱ्या) चाचणीत त्याला दुजोरा मिळाला. इथे उंदीर चालला, कारण प्रश्न कॅल्शियमचा होता, हर्गचा नव्हे.

पेशी आणि संगणक उपयुक्त आहेतच, हर्गची प्राथमिक तपासणी पेशींवरच होते. पण १९९५ साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टमध्ये शेळ्यांवर जे दिसलं, ते बशीतल्या पेशींत कसं दिसणार? कर्णिकांचं (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचं) कंपन कृत्रिमरीत्या पुन्हा पुन्हा सुरू ठेवलं, तर काही दिवसांनी ते आपोआप थांबेनासं होतं. कंपन जुनं झालं की औषधांनी लय परत आणणं कठीण का जातं, याचा उलगडा होण्यास इथूनच मदत झाली.

एक आक्षेप मला मान्य आहे. डी-सोटॅलॉल हे लयबिघाडावरचं दुसरं औषध कुत्र्यांत संरक्षक ठरलं होतं, पण १९९६च्या ‘स्वॉर्ड’ या रुग्णांवरच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांचे मृत्यू ५ टक्के निघाले, न घेणाऱ्यांचे ३.१. प्राण्यांवरच्या यशानंतर मोठी मानवी चाचणी टाळता येत नाही, इतकंच यातून सिद्ध होतं.

तो फिरणारा मजकूर वाचून फ्लेकेनाइडची गोळी स्वतःहून बंद करू नका. पूर्वी झटका आला होता का, हृदयाच्या स्नायूत दोष आहे का, हे डॉक्टरांना विचारा. कॅस्टमधला धोका अशाच रुग्णांतला होता.