चिऱ्याच्या भिंतीला चार स्क्रू पुरत नाहीत

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की घराघरांत रंगकाम निघतं, आणि त्याच सुमारास एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपांवर आला. त्यात म्हटलंय ते असं: स्वयंपाकघरातलं लाकडी कपाट भिंतीवर लावायला मेस्ताची, म्हणजे कारागिराची, गरज नाही. चार कोपऱ्यांत आठ मिलिमीटरची भोकं पाडा, प्लास्टिकचे प्लग ठोका, दोन इंची स्क्रू आवळा. एक स्क्रू ५० किलो पेलतो, म्हणजे चार मिळून २०० किलो. भोक सैल झालं तर आगपेटीच्या काड्या कोंबा. मागून सिलिकॉन लावलं की कपाट जन्मात हलणार नाही.

दोन वर्षांपूर्वी फोंड्याला माझ्या वहिनीच्या घरी नेमकं असंच लावलेलं कपाट पहाटे खाली आलं. ओट्याजवळ कुणी नव्हतं म्हणून निभावलं. मी जाऊन बघितलं तर स्क्रू वाकलेसुद्धा नव्हते. वरच्या दोन्ही स्क्रूंवर प्लग जसेच्या तसे होते, त्यांच्याभोवती गिलाव्याचा वाटीएवढा तुकडा उखडून आला होता, आणि भिंतीतल्या खड्ड्यातून तांबडी भुकटी गळत होती.

म्हणून आधी त्या ५० किलोंबद्दल. असे आकडे भरीव काँक्रीटमधले असतात. प्लास्टिकचा हा प्लग जर्मनीच्या आर्तुर फिशर यांनी १९५८ साली काढला. स्क्रू आत शिरतो तसा तो फुगतो आणि भोकाच्या कडांना दाबून धरतो. कडा कठीण असतील तर पकड घट्ट बसते. आपल्या गोव्यातल्या भिंती बहुतेक चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. फ्लॅटमध्ये खांब आणि बीम काँक्रीटचे असले तरी मधली भिंत चिऱ्याची किंवा ब्लॉकचीच असते. चिरा सच्छिद्र, मधेच मऊ, मधेच पोकळ. त्यात ड्रिल ठोकत चालवलं की आठचं भोक सहज दहाचं होतं, आणि फुगलेला प्लग कडा दाबण्याऐवजी त्यांचा भुगा करतो.

दोन इंची स्क्रूचा हिशेब तर कुणीही बोटांवर करू शकेल. दोन इंच म्हणजे ५० मिलिमीटर. त्यातले १८ कपाटाच्या मागच्या लाकडी पट्टीत गेले, सुमारे २० गिलाव्यात. चिऱ्यात उरले १२. करंगळीच्या नखाएवढ्या त्या टोकावर डाळी-तांदळाचे डबे टांगायचे? पट्टी न घालता पाठीच्या ६ मिलिमीटर प्लायमधूनच स्क्रू मारला तर तो थोडा जास्त आत जातो खरा, पण मग पातळ पाठच फाटून निघते.

आणि ‘चार गुणिले ५०’ हा गुणाकार मुळातच चुकीचा आहे, कारण चारही स्क्रूंवर सारखा ताण येत नाही. एक फूट खोल कपाट भरून ६० किलोचं झालं असं धरा. वजनाचा मध्य भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर, वरच्या आणि खालच्या स्क्रूंमध्ये अंतर ६० सेंटिमीटर. म्हणजे खाली ओढणारे ६० किलो आहेतच, शिवाय वरच्या दोन स्क्रूंना भिंतीतून बाहेर खेचणारी १५ किलोंची ओढ रात्रंदिवस चालू. आता उघड्या दाराला घरातलं वीस किलोचं पोर लोंबकळलं, भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर, तर त्या ओढीत आणखी २० किलोंची भर. आधीच्या दुपटीहून जास्त, तेही एका झटक्यात. पोरं लोंबकळतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

काड्यांचं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण जुन्या घरांत लाकडाची खुंटी ठोकायची रीत होती आणि लोकांना हे तसंच वाटतं. जाड, सुकलेली खुंटी वेगळी आणि आगपेटीची काडी वेगळी. पावसाळ्यात काडी ओल पिऊन फुगते, घट्ट वाटते. मार्च-एप्रिलात ती सुकते आणि स्क्रू हाताने फिरायला लागतो.

सिलिकॉन चिकटतं ते रंगाला. रंग पुट्टीवर, पुट्टी गिलाव्यावर. ओल आली की हे थर आपसूक सुटतात.

आपण चवथीला गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधतो तेव्हा नारळ, तवशी (काकड्या), सुपारीचे कातरे (घड) यांचा भार कुणी गिलाव्यावर सोडत नाही. वाशाला नाहीतर स्लॅबमधल्या कडीलाच बांधतो. कपाटालाही तीच काळजी हवी. खिडकी-दारांवरचा लिंटल, म्हणजे काँक्रीटची आडवी तुळई, साधारण सात फुटांवर असतो, आणि कपाटाची वरची कडही बहुतेक तिथेच येते. तो भिंतभर फिरवलेला असेल तर वरचे स्क्रू त्यातच घ्या. ड्रिलमधून पडणारी भुकटी बघा: करडी आली तर काँक्रीट किंवा ब्लॉक, तांबडी आली तर चिरा. चिऱ्यात ठोका बंद करून नुसतं फिरवत भोक पाडा, दोन चिऱ्यांमधला सांधा टाळा, आणि १० मिलिमीटर जाडीचा, १०० मिलिमीटर लांबीचा प्लग वापरा. त्याच हिशेबाने आता ६२ मिलिमीटर चिऱ्यात जातात. कपाटाखाली एक आडवी पट्टी भिंतीला वेगळी मारा, म्हणजे खालचा भार ती घेईल आणि वरच्या स्क्रूंना फक्त बाहेरची ओढ सांभाळावी लागेल. समुद्राजवळ राहात असाल तर स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. मातीच्या सांध्यांची जुनी भिंत असेल तर मात्र मेस्ताला बोलवाच.

वहिनीचं नवं कपाट लावून झाल्यावर मी त्याच्या वरच्या कडेला लागून भिंतीवर पेन्सिलची बारीक रेघ मारली. वहिनी ती दर महिन्याला स्टुलावर चढून बघते. रेघ आणि लाकूड यांच्यात फट दिसली, तर त्याच दिवशी कपाट रिकामं करायचं, असं आमचं ठरलंय.