नुसत्या इंग्रजीवर प्रवेश घेऊ नका

तांत्रिक लेखनाचा कोर्स कसा निवडावा, यावरचा तुमचा लेख वाचला. 'इंग्रजी चांगलं असलं की झालं', हे त्यातलं वाक्य काही पटलं नाही. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनची मॅन्युअल लिहितो. सुरुवातीला माझं एक पान फोरमननं थेट ऑपरेटरच्या हातात दिलं. 'गार्ड उघडण्याआधी मेन स्विच बंद करा' ही ओळ मी गार्ड, म्हणजे मशीनवरचं संरक्षक झाकण, उघडण्याच्या पायरीखाली टाकली होती. गड्यानं वाचत वाचत आधी गार्डलाच हात घातला. मशीन बंद होतं म्हणून निभावलं. व्याकरणाची एकही चूक नव्हती हो त्यात!

त्यामुळे कॉलेजात गेल्यावर आधी विचारा, मुलांचं लेखन खऱ्या वापरणाऱ्याकडून तपासून घेता का? उत्तर गोलमाल आलं तर चहा पिऊन परत या. मग सिलॅबस बघा. एएसडी-एसटीई १०० आहे का? विमान देखभालीच्या कागदपत्रांसाठी बनलेली ही सोप्या इंग्रजीची नियमावली. सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं आणि एका वाक्यात शक्यतो एकच काम. 'डिटा'ची, म्हणजे मजकुराचे सुटे भाग करून ते पुन्हा पुन्हा वापरण्याच्या पद्धतीची, ओळख असेल तर उत्तमच. फी, वसतिगृह वगैरे घरचे बघतीलच.

पत्रकारिता हा पर्यायही लेखात सुचवलाय. वाईट नाही, पण तिथं वाचकाला ओढून आणायचं असतं. आमचा वाचक मशीन बंद पडल्यावर, हात ग्रीसनं माखलेले असताना, वैतागून पान उघडतो. भाचीला यंदा मी एवढंच सांगितलं, फॉर्म भरण्याआधी आठवडाभर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपात बस आणि लेथ कसा चालू करतात ते लिहून आण. चार वेळा फाडलं तिनं.