युरियाची एक गोणी आणि चौदा टन शेवाळ

‘कोकणच्या किनाऱ्यावर फुकटचं सोनं पडलंय आणि आपण ते तुडवत चालतोय! समुद्रातलं शेवाळ शेतात टाका, युरिया कायमचा बंद. आयर्लंडवाले पिढ्यान्पिढ्या हेच करतात. रोज चमचाभर पावडर खा, थायरॉईड मुळापासून बरा. जपान्यांना तो होतच नाही. आपल्याला शेवाळ खायची अक्कल नाही, म्हणून आपण मागे. घरटी लागवड करा, महिन्याला लाखाची कमाई.’

हा मेसेज मला आधी शेतीच्या ग्रुपवर आला, मग नातेवाइकांच्या. ‘गोळ्या बंद करू का रे?’ असं मावशीने विचारलं, तेव्हा लिहायला बसलो.

आधी युरिया. ओल्या शेवाळात शंभरातले पंच्याऐंशी भाग पाणीच असतं. एक टन गोळा केलंत तर वाळून हातात दीडशे किलो उरतं. त्यात नत्र (नायट्रोजन, ज्यासाठी युरिया टाकतात ते) एक ते दोन टक्के धरलं, तर दीड ते तीन किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असतं सुमारे २० किलो. म्हणजे एका गोणीच्या बरोबरीला सात ते चौदा टन ओलं शेवाळ! मजुरी आणि टेम्पोचं भाडं मेसेजवाल्याने धरलेलंच नाही. स्फुरद (फॉस्फरस) नावापुरतं. पालाश (पोटॅश) मात्र बरं असतं, ते मान्य.

आयर्लंडचा दाखला खरा आहे. तिथल्या ॲरन बेटांवर लोकांनी उघड्या कातळावर वाळू आणि शेवाळाचे थर टाकून बटाट्यापुरती माती घडवली. पण ते माती घडवणं होतं, आणि तिथला पाऊस मीठ धुऊन नेतो. कोकणातला पाऊसही नेतो, म्हणून माडाच्या आळ्यात कुजवून घातलंत तर हरकत नाही. शिरोळ-वाळव्याकडच्या क्षारपड रानात मात्र हे खारं शेवाळ नेऊन टाकू नका. तिथे आधीचंच मीठ निघता निघत नाही.

मग दुकानात शेवाळाच्या अर्काची बाटली मिळते ती काय? भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने यावर चांगलं काम केलंय. कॅपाफायकस नावाचं शेवाळ ताजंताजं पिळून रस काढायचा. रसाची फवारणी, उरलेल्या चोथ्यातून कॅरॅगिनन, म्हणजे पदार्थ दाट करणारा डिंकासारखा घटक. रसातली संजीवकं, म्हणजे वाढीला चालना देणारी द्रव्यं, मुळं वाढवायला आणि पिकाला ताण सोसायला मदत करतात. पण खत नियंत्रण आदेशात २०२१ साली अशा अर्कांना जागा मिळाली ती ‘जैव-उत्तेजक’ म्हणून, युरियाची जागा घेणारं खत म्हणून नव्हे. टॉनिक घेतलं म्हणून कोणी जेवण सोडत नाही.

आता थायरॉईड, म्हणजे मावशीचा मुद्दा. ‘जपान्यांना होत नाही’ हे वाचून मला हसूच आलं. थायरॉईड मंदावण्याचं जे एक फार मोठं कारण, त्या आजाराचं नावच हाशिमोटो! १९१२ साली त्याचं वर्णन करणारे हाकारू हाशिमोटो जपानीच. होक्काइदोच्या किनाऱ्यावर कोम्बू नावाचं शेवाळ भरपूर खाणाऱ्यांमध्ये तर जास्तीच्या आयोडीनमुळे गलगंड आढळला होता. मोठ्या माणसाला दिवसाला आयोडीन लागतं १५० मायक्रोग्रॅम. कोम्बूच्या एका ग्रॅममध्येच ते हजाराच्या वर असू शकतं. त्यामानाने नोरी या दुसऱ्या शेवाळात फारच कमी. म्हणजे ‘चमचाभर पावडर’ कशाची, हे न सांगता डोस सांगायचा, हा प्रकार झाला. आपल्या घरात आयोडीनयुक्त मीठ आहेच. हाशिमोटोत वरून आणखी आयोडीन ओतलं तर दुखणं वाढू शकतं. हिजिकी नावाचं शेवाळ तर त्यातल्या आर्सेनिकमुळे खाऊ नका, असं ब्रिटनच्या अन्न विभागाने २००४ सालीच सांगितलंय. मावशी, गोळी चालू ठेव. बदल करायचा तो डॉक्टरांना विचारून.

‘आपण शेवाळ खात नाही’ म्हणणाऱ्याने घरचा डबा उघडून पाहावा. खरवसाची हौस भागवायला दुधात उकळून जे थापतो ते चायना ग्रास शेवाळाचंच, म्हणजे अगार. जिलेटिन जनावराचं, हे वनस्पतीसारखं, म्हणून शाकाहारी घरांत चालतं. याच अगारवर जंतू वाढवायची युक्ती १८८१ च्या सुमारास फॅनी हेसे या बाईंनी सुचवली. त्या स्वयंपाकघरात जेलीला अगार वापरत. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत तेव्हा जिलेटिन उकाड्याने वितळून जायचं. आणि बऱ्याच आइसक्रीम, टूथपेस्टमध्ये कॅरॅगिनन असतं. बेसिनपाशी रोज सकाळी ब्रश फिरवताना आपल्यातले कितीतरी जण शेवाळच तोंडात घालत असतात.

राहिली लागवड. तमिळनाडूत रामेश्वरम-मंडपमला बांबूच्या तराफ्यांवर कॅपाफायकस पिकवतात, सुमारे ४५ दिवसांत पीक येतं, बायकांच्या हातात पैसा आला हेही खरं. पण तिथला पाल्कचा उपसागर शांत आणि उथळ. आपल्याकडे जूनपासून समुद्र खवळतो, वर खाड्यांचं गोडं पाणी आणि गाळ. कॅपाफायकसला खारटपणा उतरलेला सोसत नाही. खुद्द तमिळनाडूतही २०१३ च्या सुमारास पीक मोठ्या प्रमाणावर मेलं आणि उत्पादन कोसळलं. शिवाय तिथल्याच कुरुसडाई बेटाजवळ हेच शेवाळ प्रवाळांवर पसरल्याची नोंद २००८ मधली आहे, ती मेसेजमध्ये कशी येणार? तेव्हा कोणी तराफे विकायला आला तर त्याला दोनच गोष्टी विचारा: पावसाळ्याचे चार महिने बियाणं कुठे जगवायचं, आणि वाळवलेला माल कोण, कुठल्या भावाने उचलणार ते लेखी देतोस का?