ताऱ्याचं नाव विकत मिळत नाही हो!

पुन्हा तेच! कुणाचा वाढदिवस आला की सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र नाचवलं जातं, 'हा तारा आता हिच्या नावाचा!' अहो, कुणी दिला? ताऱ्यांना अधिकृत नावं देणारा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ती नावं विकत नाही, आणि असल्या विकतच्या नावांना कुठलीही वेधशाळा विचारत नाही. प्रमाणपत्राखाली छापलेले विषुवांश आणि क्रांती, म्हणजे ताऱ्याची आकाशातली जागा सांगणारे आकडे, बघून शोधायला जावं तर तारा इतका अंधुक, की नुसत्या डोळ्यांना दिसणारच नाही. ही नावं विकणारे लोकांच्या मायेवर धंदा करतात, याचा खरा संताप येतो! एचडी ८६०८१ या ताऱ्याला २०१९ मध्ये रीतसर 'बिभा' नाव मिळालं, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्यावरून. भारतातून मागवलेल्या सूचनांमधून निवडलेलं, दमडीही न मोजता. ते सांगा ना पोरांना!