आधी विचारा तर खरं

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. घाईत असाल तर पुढे सरका.

दुपारी एक विद्यार्थिनी आली. हातात विद्यापीठाचं पत्र. 'आपल्याविरुद्ध प्राप्त झालेल्या तक्रारीच्या अनुषंगाने शिस्तपालन समितीसमोर उपस्थित राहावे. अनुपस्थित राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल.' खाली सही, शिक्का. तक्रार कसली, कुणाची, कधीची, एक अक्षर नाही. "मॅडम, मी केलंय काय?" हे ती मला विचारत होती. मी काय सांगणार, कपाळ! दोन-तीन फोन केल्यावर कळलं, तिचा निबंध एआयकडून लिहून घेतलाय असं कुठल्याशा सॉफ्टवेअरचं मत पडलंय. सॉफ्टवेअरला मत आहे. पोरीला मात्र 'आपले काही म्हणणे नाही'.

ज्यांनी चॅटजीपीटी काढलं त्या ओपनएआयनं असा मजकूर ओळखायचं स्वतःचं साधन जुलै २०२३ मध्ये गुंडाळलं, अचूकता कमी पडते म्हणून. आमच्या समितीला मात्र सॉफ्टवेअरनं दिलेला आकडा दिसला की पुरे.

मी एवढी का भडकले, ते सांगते. नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झाली असतील, तेव्हा मला अशाच एका समितीत घेतलं होतं. दोन मुलांच्या उत्तरपत्रिकेत एक गणित सारखं होतं. उत्तर चुकलेलं आणि चूकही तंतोतंत तीच. टेबलाच्या या बाजूला आम्ही पाच जण, समोर मोकळी फरशी. त्यातला एक मुलगा उभा. अध्यक्षांनी विचारलं, "मान्य आहे ना?" तो म्हणाला, "सर, मी तर पुढच्या बाकावर..." अध्यक्ष म्हणाले, "तेवढं विचारलेलं नाही." दहा मिनिटांत आटोपलं. दोघांनाही सारखी शिक्षा, अख्ख्या परीक्षेचा निकाल रद्द. पाचवी सही माझी.

घरी जाताना डोक्यात उजेड पडला. पुढच्या बाकावरचा मुलगा मागच्याचं कसं बघेल? बैठक व्यवस्थेचा कागद त्याच फायलीत होता. कुणी उघडला नाही. मीही नाही.

आता काही जण लिहितील, ताई, कॉपीवाले किती शिरजोर झालेत ते बघा. झालेत. मीही पकडलेत, चिठ्ठ्यांसकट. पण शिरजोर पोरं या समित्यांमध्ये सापडतात कुठे? कुणाचे तरी चिरंजीव वसतिगृहात धिंगाणा घालतात, मग समिती नेमतात, समितीला मुदतवाढ मिळते, अहवाल 'विचाराधीन' राहतो आणि चिरंजीव पदवी घेऊन बाहेर पडतात. शिस्तीचा बडगा कुणावर, तर जी भेदरून आधीच 'चूक झाली' असं लिहून देते तिच्यावर. आणि ते लिहून कोण घेतं? "माफीनामा दे, प्रकरण इथंच मिटवू" म्हणणारे आपलेच लोक. मग तोच माफीनामा पुरावा म्हणून फायलीला लागतो. तक्रार त्यांचीच, चौकशी त्यांचीच, निकाल त्यांचाच. वर अपील करायचं तर तेही त्याच मजल्यावर!

मला एक जुना खटला फार आवडतो. रिचर्ड बेंटली, केंब्रिजचा मोठा पंडित. माणूस काही गरीब गाय नव्हता, चांगला भांडकुदळ होता. विद्यापीठाच्या न्यायाधिकाराबद्दल वाटेल ते बोलला, म्हणून १७१८ मध्ये विद्यापीठानं त्याच्या पदव्या काढून घेतल्या, त्याला न विचारता. १७२३ मध्ये कोर्टानं त्या परत करायला लावल्या. तिथले एक न्यायाधीश म्हणाले, की देवानंसुद्धा आदमला, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या माणसाला, मनाई केलेलं फळ खाल्ल्याबद्दल शिक्षा देण्याआधी त्याचं म्हणणं ऐकलं होतं. तू कुठे आहेस, ते फळ खाल्लंस का, असं विचारलं होतं. देवाला काय ठाऊक नव्हतं? तरी विचारलं.

आणि २३८ वर्षांनी, १९६१ मध्ये, अमेरिकेतल्या एका कोर्टाला हेच पुन्हा सांगावं लागलं. वंशभेदाविरुद्ध आंदोलन केलं म्हणून अलाबामातल्या एका सरकारी कॉलेजनं काळ्या विद्यार्थ्यांना नोटीस नाही, सुनावणी नाही, सरळ काढून टाकलं होतं. म्हणजे बघा, हा रोग किती जुना आहे.

छळाच्या तक्रारीत मुलीला त्याच मुलासमोर बसवून उलटतपासणी करायची नसते, हे मान्य. तिथं पद्धत वेगळी लागते. पण आरोप काय आहे हे सांगायला काय जातं? चार ओळींच्या पत्रात पाचवी ओळ मावत नाही?

चहा घेऊन आले, जरा शांत झाले आहे. खरं सांगायचं तर त्या खोलीतली माणसं दुष्ट नसतात. आमचे अध्यक्ष विद्यार्थ्यांची फी खिशातून भरणारे होते. त्या दिवशी त्यांना पुढची मीटिंग होती, एवढंच. मला कसली मीटिंग नव्हती. मी नवी होते, म्हणून गप्प बसले. 'सर, त्याला वाक्य पुरं करू द्या' एवढं म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली नसती. पुढच्या सत्रात मी हजेरीपटावर त्याचं नाव शोधलं. नव्हतं. त्या दुसऱ्याचं होतं.

तर आज त्या मुलीला बसवलं आणि निबंधाचे कच्चे खर्डे, टिपणवही, ग्रंथालयातून घेतलेल्या पुस्तकांची नोंद, सगळं तारखेवार लावायला सांगितलं. समितीला एक अर्जही लिहून घेतला, आरोप लेखी द्या म्हणून. पोच घेतली. (पोरांनो, पोच घेत जा. तोंडी काही बोलू नका.) तिनं खरंच स्वतः लिहिलाय का? मला वाटतं, हो. नसेलही. ते ठरवायचं ते खर्डे बघून, तिला चार प्रश्न विचारून. निबंधावर दहा मिनिटं बोलायला लावा, लगेच कळेल. शिक्षक आहोत ना आपण?

उद्या अकराला सुनावणी. मी समितीत नाही, मला आत सोडणार नाहीत. निघताना त्या खोलीत डोकावले. टेबल तेच, या बाजूला पाच खुर्च्या. शिपाईदादांना म्हटलं, समोर एक खुर्ची ठेवाल का उद्या?

ते म्हणाले, "कोण मोठे साहेब येणारेत का, मॅडम?"