युटोपियन म्हणजे बिनकामाचं?

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कुणाचा मुद्दा निकालात काढायचा असला की हल्ली सुशिक्षित मंडळी ‘हे युटोपियन आहे’, म्हणजे नुसतं स्वप्न आहे, असं म्हणतात. परवा घरच्या ग्रुपवर उपसा सिंचनाच्या पाण्यावरून जुंपली. पाणी एकरावर मोजावं की भूमिहीन घरालाही वाटा द्यावा? मी वाट्याच्या बाजूनं लिहिलं. चुलतभाऊ म्हणाला, ‘दादा, इंग्लंडात बसून बोलायला काय जातंय? ज्याला रान नाही त्यानं पाणी घागरीत भरून ठेवायचं का?’

टोला झकास होता. पण दुसऱ्याचं रान वाट्यानं करणाऱ्या भूमिहीनाच्या हातात स्वतःचं पाणी असलं, तर पिकाचा वाटा ठरवताना त्याचाही शब्द चालतो. शिवाय ही कल्पना माझी नाही, विलायतेचीही नाही. १९८०च्या दशकात येरळा नदीवर बळवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण उभं केलं, तेव्हा भूमिहीनांच्या पाण्याच्या हक्काची भाषा तिथं होतीच. पैसा उभा केला तो नदीतली थोडी वाळू स्वतः विकून. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला तर औंधच्या राजानं १९३९च्या सुमारास कैद्यांची बिनभिंतींची वसाहत वसवली. कैदी बायकापोरांसह राहून शेती करतात, आजही. ‘पळून जातील’ म्हणणारे तेव्हा काय कमी असतील!

मी राहतो ते इंग्लंडातलं लेचवर्थ हे गावही असंच कागदावरून जमिनीवर आलेलं. एबेनेझर हॉवर्ड या सुधारकाच्या कल्पनेतून १९०३ साली वसवलं. जमीन कुणा एकाची नसावी, भाड्याचा पैसा गावावरच खर्च व्हावा, हा त्यामागचा हिशेब. आता हे काम एक विश्वस्त संस्था बघते. खिडकीची चौकट बदलायची तरी तिची परवानगी लागते आणि लोक त्यावरून मनसोक्त कुरकुरतात. सुरुवातीला तर दारूही नको असं ठरलं. बिनदारूचा पब निघाला. पिणारे आसपासच्या खेड्यांत जाऊन पीत! माणसं सुधारायचा हा बेत फसला, जमिनीचा हिशेब मात्र टिकला.

पण इथलं सगळं गोड आहे असंही नाही. १९०५मध्ये इथं स्वस्त घरांचं प्रदर्शन भरलं होतं, घर दीडशे पौंडांत बांधून दाखवायचं. मजुराला परवडावं म्हणून बांधलेली ती घरं आज मजुराच्या आवाक्याबाहेर आहेत. थॉमस मोर या इंग्रज लेखकानं १५१६ साली ज्या ‘युटोपिया’ बेटाचं चित्र रंगवलं, तिथं खाजगी मालमत्ता नव्हती. गुलाम मात्र होते. म्हणून कुणी आदर्श गावाचा नकाशा पुढं केला की मी आधी बघतो, यात बाहेर कोण राहिलं? सध्याचं आपलं वाटप हाही एक नकाशाच आहे आणि त्यात सातबारा नसलेला बाहेर आहे. ते कुणाला स्वप्नाळू वाटत नाही, कारण सवय झालीय.

भावाचा एक आक्षेप मला मान्य आहे: पंपाचं वीजबिल कोण भरणार? भूमिहीनाच्या वाट्याचं पाणी जो वापरेल त्यानं भरावं, आणि बारमाही ऊस लावणाऱ्याला ज्वारी-हरभऱ्यापेक्षा चढा दर लावावा. बंद पाइपातून पाणी दिलं तर मोजणंही सोपं. ऊसवाले ओरडतील. साखर कारखान्याचे संचालक त्यांच्यातलेच, त्यामुळं ओरडा मोठा होईल. भांडण खरं तिथं आहे.