‘जानेवारीत मुली ढेपाळतात’ म्हणे!

खेळाडूंच्या पालकांत आणि कोचमंडळींत सध्या एक मेसेज फिरतोय. कॉलेजच्या मुली जुलैत जोरात असतात आणि जानेवारीत ढेपाळतात, कारण बाईच्या शरीराला वर्षभराचा सराव सोसत नाही. म्हणून पाळीत त्यांना मैदानावर आणू नये, वजन उतरवून घ्यावं, आणि पाळी थांबली तर घाबरू नये, ते कसलेल्या शरीराचं लक्षण आहे. मी बरीच वर्षं कॉलेजच्या मुलींना खो-खो शिकवते. शेवटची ओळ वाचून गप्प बसवेना.

आधी जानेवारीचं. घसरण होते, ती माझ्या वहीतही आहे. आम्ही दर पंधरवड्याला बोटांना खडू लावून भिंतीशी उभी उडी मोजतो. जुलै ते सप्टेंबर खडूची खूण वर सरकत जाते, दिवाळीनंतर अडते, कधी दोन बोटं खालीही येते. पण मधल्या काळात काय काय झालेलं असतं? सत्र परीक्षेसाठी तीन आठवडे सराव बंद. लगेच विभागीय, आंतरविभागीय आणि मग आंतरविद्यापीठ स्पर्धा. रात्रभर रेल्वेत बसून प्रवास, परक्या गावात वर्गाच्या फरशीवर झोप. वर ‘आता मॅचेस आहेत’ म्हणून ताकदीचा व्यायाम बंदच. सराव सुटला की दोन-तीन आठवड्यांत दम उतरू लागतो. ताकद त्याहून जास्त टिकते, पण अधूनमधून वजनं उचलल्याशिवाय हंगामभर पुरत नाही. मुलांच्या शरीरातही हेच घडतं. त्यांचा संघ थकला की आपण म्हणतो, शेड्यूल भारी होतं. मुलींचा थकला की शरीराला दोष.

आणि त्या मेसेजात हिमोग्लोबिनचा उल्लेखही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असलेली मुलगी पाठलागात मागे पडली, तर आधी रक्त तपासा.

पाळीत सराव बंद ठेवायचा का? २०२० मध्ये ७८ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरी किंचित कमी दिसली, पण फरक इतका बारीक की सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही. ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफनं २००२ मध्ये शिकागोत महिलांच्या मॅरेथॉनचा जागतिक विक्रम केला, तो पोटात कळा येत असताना. उलट वेटलिफ्टर मीराबाई चानूनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चौथी आल्यावर सांगितलं, की पाळीचा तिसरा दिवस होता आणि त्याचा थोडा परिणाम झाला. दोघींचंही खरं. त्या दिवशी काय जमेल ते त्या मुलीलाच विचारायचं.

वजनाचं आणि पाळी थांबण्याचं दुखणं एकच आहे. आमच्याकडे एक चपळ मुलगी होती. पहाटे साडेपाचला चहा-बिस्किटावर मैदानात, तिथून थेट लेक्चरला, जेवण दीड वाजता, संध्याकाळी पुन्हा सराव. सोमवार-गुरुवार उपास. ती बारीक झाली तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, मीही. डिसेंबरात नडगी दुखायला लागली, तपासणीत हाडाला बारीक चीर निघाली. चार महिने पाळी नव्हती, आणि ते डॉक्टरांनी विचारेपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

खर्चाच्या मानानं खाणं कमी पडलं की शरीर आधी अशाच गोष्टींना कात्री लावतं. पाळी थांबते, हाडं विरळ होतात, मार भरून यायला वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्येच याला रेड-एस (खेळाडूच्या शरीराला ऊर्जा कमी पडणं) हे नाव देऊन इशारा दिलाय.

आता माझ्या वहीत उडीशेजारी पाळीच्या तारखेचा रकाना आहे, तो मुली स्वतः भरतात. सकाळच्या सरावाआधी शेंगदाण्याचा लाडू किंवा केळं खाल्ल्याशिवाय कुणी धावत नाही. तो रकाना तीन महिने रिकामा राहिला, तर सराव कमी, खाणं जास्त, आणि त्याच आठवड्यात डॉक्टर. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनो, निदान ती शेवटची ओळ आजच काढून टाका.